भाषा अधिक, शिक्षक उणा

गोदावरीच्या काठी बासर येथे ज्ञानसरस्वतीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. मराठवाड्यातून आणि तेलंगणातून आईबाप आपल्या लेकरांना घेऊन तेथे जातात, देवीसमोर बसवतात आणि त्यांचे बोट धरून पहिले अक्षर गिरवून घेतात. या विधीला अक्षराभ्यास म्हणतात. बोट आईबापांच्या हातात आणि शब्द त्यांच्या तोंडचे, अशी ती विद्येची सुरुवात असते. बासर हे गाव २०१६ च्या जिल्हा-पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता ते निर्मल जिल्ह्यात आहे. त्याच जुन्या आदिलाबादच्या डोंगराळ भागात, उटनूरच्या आणि जैनूरच्या पाड्यांवर, मुलाचा दुसरा अक्षराभ्यास शाळेत होतो. तेथे मात्र बोट धरणारा हात परका असतो आणि कानावर पडणारे शब्दही परके असतात. या दुसऱ्या अक्षराभ्यासाविषयी आज चार शब्द लिहावेत असे वाटते. कारण प्रश्न आदिलाबादचा असला तरी त्याची झळ मांडवी-जुवारीच्या काठीही पोचलेली आहे.

तेलंगण सरकारने जानेवारी २०२२ मध्ये सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम सुरू करण्याचा निर्णय घेतला आणि २०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून पहिली ते आठवीच्या वर्गांत तो अमलात आणला. या निर्णयाला पालकांचा विरोध झाला नाही. होण्याचे कारणही नव्हते. खाजगी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या गावोगाव फिरू लागल्यापासून गरिबालाही कळून चुकले आहे की, नोकरीच्या, न्यायालयाच्या आणि उच्च शिक्षणाच्या दारावरची पाटी इंग्रजीत लिहिलेली असते. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वाचता आले नाही, त्याने आपल्या मुलाला राज्यकर्त्यांची भाषा यावी असे म्हटले तर त्याला दोष कोण देणार? श्रीमंतांच्या मुलांना इंग्रजी आणि गरिबांच्या मुलांना मातृभाषेचे गोडवे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. म्हणून इंग्रजी नको, असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. इंग्रजी शाळेत आली. ती शिकवणाऱ्याच्या तयारीचे काय?

समोरासमोरची दोन पाने

आदिलाबाद हा एका भाषेचा मुलूख कधीच नव्हता. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. बेला, जैनद, तामसी या सीमेलगतच्या भागांत मराठी घराघरांत बोलली जाते आणि तेथे मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. डोंगरात गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर बंजारा, गावांच्या बाजारात तेलुगू, शहरांच्या मोहल्ल्यांत उर्दू, अशी ही भाषांची वीण आहे. गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या खऱ्या. परंतु तेवढ्यावरून तेलुगू त्या मुलांना आपोआप कळते असे समजणे म्हणजे मराठी येणाऱ्याला बंगाली येतेच असे समजण्यासारखे आहे.

इंग्रजी माध्यम सुरू करताना सरकारने द्विभाषिक पाठ्यपुस्तके छापली. समोरासमोरच्या पानांवर एकीकडे इंग्रजी मजकूर आणि दुसरीकडे तोच तेलुगूत. कल्पना उत्तम आहे. वरंगळच्या किंवा करीमनगरच्या तेलुगू मुलाला इंग्रजी पान अडले तर तो शेजारच्या पानाचा आधार घेईल. पण कोलामगुड्यातल्या सहा वर्षांच्या मुलीने काय करावे? तिच्यापुढे पुस्तक उघडले की दोन्ही पाने परकीच. पूल बांधला खरा, परंतु त्याची दोन्ही टोके पलीकडच्याच काठावर टेकली आहेत. अशी मुलगी वर्गात रडत नाही, तक्रार करत नाही. ती फळ्यावरचे नक्कल करून घेते, सर्वांबरोबर मोठ्याने म्हणते, आणि चौथी-पाचवीपर्यंत येऊनही तिला एक वाक्य स्वतःचे म्हणून लिहिता येत नाही. मग एक दिवस ती शाळेत येईनाशी होते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे कारण लिहिले जाते ते शेतीकामाचे किंवा स्थलांतराचे. भाषेचे कारण लिहायला त्या पटावर रकानाच नसतो.

आणि शिक्षकाची अवस्था तरी काय असते? त्याचे स्वतःचे सारे शिक्षण तेलुगूत झालेले. गणित आणि परिसर अभ्यास तो वर्षानुवर्षे तेलुगूतून शिकवत आला. एका जूनमध्ये त्याला सांगण्यात आले की, आता हेच इंग्रजीत शिकवायचे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या साहाय्याने शिक्षकांसाठी इंग्रजीचे प्रशिक्षण योजण्यात आले, आणि ते योग्यच झाले. तथापि शिक्षकाचे इंग्रजी सुधारणे ही एक गोष्ट. ज्या मुलाच्या घरी इंग्रजीही नाही आणि तेलुगूही नाही त्याला इंग्रजीपर्यंत कसे आणावे हे शिक्षकाला शिकवणे ही दुसरी. पहिलीवर थोडाफार खर्च होतो. दुसरीची आठवण क्वचितच होते.

मारलवाईचा प्रयोग

गंमत अशी की, ही दुसरी गोष्ट कशी करावी याचा वस्तुपाठ याच जिल्ह्याने ऐंशी वर्षांपूर्वी घालून दिला होता. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. जंगल आणि जमीन गमावलेल्या गोंडांचा तो उठाव होता. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली आणि या लोकांच्या असंतोषाचा शोध घेण्यासाठी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे काम सोपवण्यात आले. तो आणि त्याची पत्नी बेटी मारलवाई या गोंड खेड्यात झोपडी बांधून राहिले. गोंडांच्या दैन्याची जी कारणे त्यांना दिसली त्यांत निरक्षरता हे मोठे कारण होते. ज्याला कागद वाचता येत नाही त्याची जमीन कागदावरूनच जाते.

१९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षण योजना सुरू झाली. तिची सुरुवात शाळेपासून नव्हे, शिक्षकांपासून झाली, हे तिचे मर्म. बाहेरून पदवीधर आणून बसवण्याऐवजी ज्या थोड्या गोंड तरुणांना जेमतेम लिहिता-वाचता येत होते त्यांना गोळा करून शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. वाचनपाठ गोंडी भाषेत लिहिले गेले आणि ते छापले गेले देवनागरी लिपीत. कारण या भागातील गोंडांचा परिचय मराठीशी होता. मूल आधी आपल्या भाषेत वाचायला शिके, आणि मग बाहेरच्या भाषेकडे वळे. राज्यव्यवहाराची भाषा तेव्हा उर्दू होती. ती त्या मुलांना तितकीच दूरची होती जितकी आज इंग्रजी आहे. शिक्षक मुलाच्या भाषेतला हवा, पहिले पुस्तक मुलाच्या भाषेतले हवे, आणि परकी भाषा त्यावर चढवलेला दुसरा मजला असावा, असा हा तीन कलमी साधा विचार होता. बेटी १९८७ साली वारली. तिचे दफन तिच्या इच्छेप्रमाणे मारलवाईला झाले. पुढे पतीच्या अस्थीही तेथेच आल्या. आजही तेथील गोंड त्या दोघांचे स्मरण करतात. शिक्षणतज्ज्ञांनी मात्र त्यांच्या कामाची आठवण फारशी ठेवलेली नाही.

१९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे मराठी भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. रेषा नकाशावर ओढली गेली. तिच्या एका बाजूच्या गोंड मुलाला शाळेत मराठी आणि दुसऱ्या बाजूच्या त्याच्या मावसभावाला तेलुगू, अशी वाटणी झाली. गोंडी कोणाच्याच वाट्याला आली नाही. पुढे २००४ मध्ये आंध्र सरकारने गोंडी, कोलामी, बंजारा यांसह आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला. या वेळी पुस्तके तेलुगू लिपीत निघाली. प्रयोग चांगला होता, परंतु आरंभीचा उत्साह टिकला नाही. दरम्यान याच जिल्ह्यातील गुंजाळा गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतील जुनी हस्तलिखिते उजेडात आली आणि २०१८ साली त्या लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. जिला आम्ही बोली म्हणून बाजूला सारले तिची लिपी जगाच्या संगणकावर गेली. तिच्याच मुलखातल्या बहुसंख्य वर्गांत मात्र तिला अजून बसायला पाट मिळालेला नाही.

आणखी एका घटनेची नोंद येथे केली पाहिजे. अनुसूचित क्षेत्रांतील शाळांत शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक आदिवासींनाच द्याव्यात, असा आदेश आंध्र सरकारने जानेवारी २००० मध्ये काढला होता. शंभर टक्के आरक्षण घटनेत बसत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये दिला. निवाड्यापुढे मान तुकवलीच पाहिजे. परंतु आरक्षण वेगळे आणि भाषेचे ज्ञान वेगळे. गोंड मुलांना शिकवणाऱ्याला, मग तो कोणत्याही जातीचा असो, कामापुरती गोंडी आलीच पाहिजे, अशी अट घालायला कोणत्या घटनेचा अडसर आहे? तालुक्याला जाणाऱ्या अधिकाऱ्याने स्थानिक भाषेची परीक्षा द्यावी, ही प्रथा या देशात ब्रिटिशांनीही पाळली. शिक्षकाला तेवढीही सक्ती नसावी, हे नवल आहे.

प्रशिक्षण म्हणजे काय

प्रशिक्षण या शब्दाला आपल्याकडे एक ठरावीक अर्थ प्राप्त झाला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचे शिबिर, उद्घाटनाचा समारंभ, चहापान, सहीचा कागद आणि प्रमाणपत्र. अशा शिबिरातून बाहेर पडलेला शिक्षक सोमवारी वर्गात उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात नवे असे काही नसते. खरे प्रशिक्षण काय करू शकते, हे दोन-तीन साध्या उदाहरणांवरून पाहू.

तिसरीच्या गणितात वजाबाकीचे उदाहरण असते. बारा आंब्यांतले पाच खाल्ले, मग ‘हाऊ मेनी आर लेफ्ट?’ मुलाला ‘लेफ्ट’ म्हणजे डावा हात एवढेच ठाऊक असते, कारण कवायतीत तेच शिकवलेले. त्याला वजाबाकी येते. पण तो उत्तर देत नाही. शिक्षक समजतो की मूल गणितात कच्चे आहे. ‘टेबल’ हा शब्द कधी मेज होतो आणि कधी पाढा. असे शब्द आधी हेरून, मुलाच्या भाषेत त्यांची फोड करून मग गणिताला हात घालावा, हे शिकवायला पदवी लागत नाही. लागते ती कोणी तरी दाखवून दिलेली वाट.

दुसरे उदाहरण व्याकरणाचे. मराठीत ‘टेबलावर’ म्हणतो, म्हणजे नाते दाखवणारा शब्द नामाच्या मागे चिकटतो. गोंडीत आणि तेलुगूतही तसेच. इंग्रजीत तो पुढे येतो. आपल्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी. इंग्रजीत ते कर्त्याला लागून. मराठीत तो-ती-ते अशी तीन लिंगे आहेत आणि खुर्ची ‘ती’ असते. म्हणून मराठी मूल इंग्रजीत खुर्चीला ‘शी’ म्हणू शकते. गोंडीत आणि कोलामीत पुरुष एका बाजूला आणि स्त्रिया, पशू व वस्तू दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी आहे. म्हणून गोंड मूल आपल्या बहिणीला ‘इट’ म्हणाले तर ते मूर्ख नव्हे, ते आपल्या मातृभाषेचे व्याकरण इमानाने पाळत आहे. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे तो हसत नाही, छडी उगारत नाही. तो दोन भाषा शेजारी ठेवून फरक दाखवतो. ज्याला ठाऊक नाही तो त्या चुकीखाली लाल रेघ ओढतो आणि मुलाचे तोंड कायमचे बंद करतो. चूक ही अज्ञानाची नव्हे, प्रवासाची खूण असते, एवढे शिक्षकाच्या मनावर ठसले तरी अर्धे प्रशिक्षण झाले.

तिसरी गोष्ट धीराची. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने दाखवून दिले आहे की, परकी भाषा दैनंदिन बोलण्यापुरती यायला साधारण दोन वर्षे लागतात, परंतु त्या भाषेतून इतिहास-विज्ञान समजण्याइतकी ती यायला पाच ते सात वर्षे लागतात. हेही ज्या मुलाच्या कानावर ती भाषा रस्त्यात आणि बाजारात रोज पडते त्याच्याविषयी. आदिलाबादच्या पाड्यावर इंग्रजी फक्त वर्गात असते, आणि तीही शिक्षकाच्या तोंडची. पहिल्याच वर्षी सगळे विषय इंग्रजीतून शिकवण्याचा हट्ट हा मुलावरचा तसाच शिक्षकावरचाही अन्याय आहे. युनेस्कोने १९५३ सालीच मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. जगभर या विषयाला आता ‘अधिकची भाषा’ म्हणून इंग्रजी शिकवणे असे नाव पडले आहे. हा ‘अधिक’ शब्द मोलाचा आहे. बेरीज करायची तर पहिला आकडा पुसून चालत नाही.

या सगळ्यासाठी शिबिरापेक्षा सोबत अधिक हवी. पाच-सात शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एकाने पाठ घ्यावा, इतरांनी पाहावा. अनुभवी मार्गदर्शकाने शाळेत येऊन मागच्या बाकावर बसावे ते तपासणीसाठी नव्हे, मदतीसाठी. शिक्षकाला स्वतःचे इंग्रजी वाढवायला ऐकण्या-वाचण्याचे साहित्य मिळावे आणि चुकत बोलण्याची लाज वाटणार नाही अशी जागा मिळावी. आणि शाळेत गावातलीच, गोंडी-कोलामी जाणणारी एक साहाय्यक बाई असावी, जिच्याकडे पाहून पहिल्या दिवशी मुलाला घर आठवेल. या गोष्टी अशक्य नाहीत. त्याच तेलंगणच्या राजधानीत, हैदराबादेत, इंग्रजीच्या अध्यापनासाठी १९५८ मध्ये केंद्रीय संस्था स्थापन झाली. तिचे आज विद्यापीठ झाले आहे. हैदराबाद आणि आदिलाबाद एकाच महामार्गावर आहेत. विद्येला मात्र तो रस्ता अजून पुरता सापडलेला दिसत नाही.

आपल्या अंगणात

गोमंतकीय वाचक म्हणेल, हे आदिवासींचे झाले, आमचे काय? त्याने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पाचवीची उडी आठवते का, एवढे विचारून पाहावे. चौथीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊन बसायचा, आणि घरी तर कोकणी. ती उडी अनेकांनी मारली आणि ते पलीकडे पोचले. त्यांची नावे आपण अभिमानाने घेतो. जे मधेच पडले त्यांची यादी कोणी केली नाही. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोकणीपुरते ठेवण्याचे धोरण आले. २०११ साली इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले गेले. दोन्ही वेळा मोर्चे निघाले, सभा झाल्या, मंत्रिमंडळे हादरली. माध्यमाच्या या रणात दोन्ही बाजूंनी पुष्कळ दारूगोळा खर्च झाला. परंतु, कोकणी-मराठी बोलणाऱ्या घरातले मूल इंग्रजीच्या उंबऱ्यावर येते तेव्हा त्याचा हात धरणारा शिक्षक आपण कसा तयार करतो, या प्रश्नावर किती सभा झाल्या?

महाराष्ट्रानेही २००० साली पहिलीपासून इंग्रजी विषय आणला. तेथेही भार पडला तो वस्तीशाळेपर्यंतच्या शिक्षकावर. आपण मराठी माणसे तर तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालांवर वाढलो. टिळक-आगरकरांच्या पिढीचा अक्षरारंभ मराठी शाळेत झाला आणि मग इंग्रजी त्यांनी अशी कमावली की साहेबालाही उत्तर देता यावे. मातृभाषेच्या खांद्यावर उभे राहून इंग्रजी अधिक उंचीवरून दिसते, हा आपला स्वतःचा अनुभव आहे. तोच अनुभव कोलामाच्या मुलीला नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले गेले. ते पाजणारा आधी सिद्ध करावा लागतो. आदिलाबादमध्ये सरकारने पुस्तके छापली, पाट्या बदलल्या, माध्यमाचे नाव बदलले. हे सारे एका हुकमाने होते. शिक्षक हुकमाने घडत नाही. मारलवाईच्या झोपडीत १९४३ साली हे कळले होते आणि म्हणून तेथे आधी शिक्षक घडला, मग शाळा उघडली. तेलंगणने तो क्रम पुन्हा एकदा वाचावा. आणि जमल्यास, माध्यमाचा पुढचा वाद सुरू करण्यापूर्वी, पणजीनेही वाचावा.